सहीच्या आधी वाचून दाखवा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले, विद्यापीठ आणि कोंडी मागे पडली, की चिंचोळी एमआयडीसीच्या शेड दिसू लागतात. तालुका मोहोळ, पण बाजार, दवाखाना, नातीगोती बरीचशी सोलापुरात. सकाळच्या पाळीच्या वेळी इथला रस्ता भरून वाहतो. कुणी मोटारसायकलवर, कुणी रिक्षात दाटीवाटीने, कुणी कंपनीच्या बसमध्ये. त्यात आसपासच्या गावांतले लोक असतात. ज्यांचे आजे-पणजे सोलापूरच्या गिरण्यांत राबले, अशा घरांतली पोरे असतात. कर्नाटक, तेलंगण, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबेही असतात. ही माणसे दिवसभर काय करतात ते कारखान्याच्या पाटीवरून कळते. त्यांची मुले दिवसभर कुठे असतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

त्यातली काही मुले आमच्या वर्गात असायची. एमआयडीसीच्या परिसरातल्या एका सरकारी शाळेत आम्ही काही वर्षे वरच्या वर्गांना भाषा शिकवली. शाळा मराठी माध्यमाची. पण आम्हाला उर्दू येत असल्याने दखनी बोलणारी आणि हिंदी मुलखातून आलेली मुले आमच्याभोवती जरा जास्त घुटमळायची. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. गोष्ट लहान आहे आणि आमच्या मोठेपणाची मुळीच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा होती. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. तीन पालक आले. बाकीचे कंपनीत. मग नेहमीप्रमाणे आम्हीच सभेचे इतिवृत्त लिहून काढले आणि नेहमीप्रमाणेच रजिस्टर मुलांच्या हाती घरोघर पाठवले, सहीसाठी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सह्या येत. कुणी विचारत नसे, आम्ही सांगत नसू.

त्या वेळी एक रजिस्टर सहीविना परत आले. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी त्या मुलीची अम्मी आली. एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणारी. अंगावर बुरखा, हातात डबा, पाळीला जायची घाई. म्हणाली, "मॅडम, इसमें क्या लिखे सो पढ के बताव. फिर सही करती."

आम्ही वाचून दाखवले. मुलींच्या स्वच्छतागृहातील पाण्याबाबत चर्चा झाली, पाठपुरावा करावा असे सर्वानुमते ठरले, वगैरे.

"चर्चा हुई? किसने करी? मैं तो कंपनी में थी." आणि जरा थांबून, "मेरी बच्ची सुबह से पानी नै पीती मॅडम. पी तो जाना पडता ना."

तिने सही केली नाही. रागावलीही नाही. डबा उचलून पाळीला गेली. आम्ही रजिस्टर हातात घेऊन उभे राहिलो. "सर्वानुमते" हा शब्द आमच्याच अक्षरातला होता. त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात आम्ही शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली होती. मोबाईलवर मतदान यंत्र, बोटाला शाई, सगळा थाट. मुलांना लोकशाही शिकवत होतो आणि त्यांच्या आई-बापांकडून न वाचलेल्या कागदावर सह्या घेत होतो.

समितीचा अधिकार किती?

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळांत असतील. तरी शाळा व्यवस्थापन समिती ही काय चीज आहे, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत अशी समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हवी. महाराष्ट्रात पालक सदस्यांची निवड पालकसभेतून होते, अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात. म्हणजे कायद्याने खुर्चीवर पालक आणि लिहायला मुख्याध्यापक. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे चित्र दिसते.

समितीचे काम चहा पिऊन सह्या करण्याचे नाही. शाळेचा कारभार कसा चालला आहे यावर लक्ष ठेवणे, शाळेला मिळालेला निधी कुठे खर्च झाला ते पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कायद्यात लिहिलेली कामे आहेत. पाण्याची टाकी, वर्गखोलीचे छप्पर, शिक्षकाची रिकामी जागा, पोषण आहाराचा दर्जा, हे सगळे तिथे विचारता येते.

जरा विचार करा. पॅकिंग खात्यातल्या कंत्राटी कामगार बाईला तिच्या कारखान्यात कोण विचारतो? हजेरी ठेकेदाराच्या हातात. आमदार-खासदारांसाठी ती पाच वर्षांतून एकदा मत देते. मोहल्ल्याच्या बैठकीत तिच्या वतीने दुसरेच कुणी बोलते. तिच्या रोजच्या आयुष्यात, सरकारी कागदावर, तिचे नाव सदस्य म्हणून लिहिलेले आणि तिच्या मताला वजन असलेले ठिकाण किती? आम्हाला तरी एकच दिसते, ही समिती. आणि तेही आम्ही बुधवारी अकराला ठेवून तिच्या हातातून काढून घेतले होते.

सभेची वेळ बदलली तेव्हा

पुढची सभा आम्ही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी ठेवली. एवढेच केले. मुख्याध्यापकांना पटवायला वेळ लागला, कारण सुट्टीच्या दिवशी यायचे कुणी? त्यांचेही बरोबर होते. शिक्षकांच्या मागे माहिती भरण्याचे, याद्यांचे, निवडणुकीचे काम कमी नसते. पण त्या सभेला अकरा जण आले. बायका जास्त आल्या.

सभा चालवणे सोपे गेले असे वाटू देऊ नका. एक तासात तीन भांडणे झाली. एका बापाचा आग्रह, आधी शाळेला कमान बांधा. एकाचे म्हणणे, बाहेरून आलेल्यांच्या मुलांमुळे गर्दी झाली. कुणाला मराठी पुरते कळत नव्हते, कुणाला हिंदी. आम्ही मधे बसून मराठीचे दखनी आणि दखनीचे मराठी करत होतो. कन्नड बोलणाऱ्या एका आजीचे म्हणणे तिच्या सहावीतल्या नातवाने सांगितले. शेवटी पाण्यावर सगळे एक झाले. कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी मुलगी होती.

अर्ज लिहिला गेला, ग्रामपंचायतीत दिला गेला. ग्रामसभेत दोनदा विषय निघाला, एकदा नुसताच पुढे ढकलला गेला. मधे पूर्ण उन्हाळा गेला. अखेर टाकी आणि नळ आला. महामार्गाच्या बाजूला मुलांसाठी रस्ता ओलांडायची सोय मागितली होती, ती आम्ही तिथून निघालो तोवर झाली नव्हती. पण त्या महिन्यांत आम्ही एक गोष्ट पाहिली. जी माणसे "साहेब, जमल्यास बघा" म्हणत यायची, ती "ठराव झालाय, त्याचे काय झाले?" असे विचारू लागली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जो धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकवला, तो आम्हाला तिथे कळला.

ही शाळा भांडून मिळाली आहे

सरकारी शाळा म्हणजे गरिबांसाठी केलेला दानधर्म, असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळा आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. घरातून बाहेर पडावे लागल्यावर त्यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने या कामात उभ्या राहिल्या, हे आपल्या घरांत आता ठाऊक आहे. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्चते, असे सुनावून त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात ते करून दाखवायला घेतले.

बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले होते. लोकशाही ही केवळ सरकार निवडण्याची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. तो बाबासाहेबांनी आयुष्यभर आपल्या मातीतल्या प्रश्नांना लावून पाहिला. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी मागितले ते हेच, की शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात हवे. संविधानात मात्र शिक्षणाचा मूलभूत हक्क यायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजले तर १२० वर्षे. इतक्या वाटेने आलेली वस्तू आपण "तिथे काय ठेवलंय" म्हणून सोडून देतो.

ग्राहक की नागरिक?

एकदा त्याच अम्मीने आम्हाला सहज विचारले, "मॅडम, तुमची बेटी कंची शाळा में है?"

आमची मुलगी तेव्हा सोलापुरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत नववीत होती. आम्ही सांगितले. ती काही बोलली नाही, नुसती "अच्छा" म्हणाली. तो "अच्छा" आम्हाला अजून ऐकू येतो.

आम्ही असे का केले? जी कारणे तुम्ही द्याल तीच आमचीही. इंग्रजी यायला हवे. पुढे स्पर्धा आहे. आपल्या मुलांना आधीच दोन पावले मागून सुरुवात करावी लागते, मग भाषेतही मागे का ठेवायचे? यातले एकही कारण खोटे नाही. मजूर बापसुद्धा पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, तो उगाच नव्हे. दोन इयत्ता एका शिक्षकाकडे असतील तर कुठला पालक निश्चिंत राहील?

पण त्या खासगी शाळेत आम्ही काय होतो, तेही सांगायला हवे. एकदा बसमध्ये मुले कोंबून भरतात म्हणून तक्रार घेऊन गेलो. काचेच्या खिडकीपलीकडून उत्तर आले की पटत नसेल तर दाखला घेऊन जा. शिक्षक असूनही आम्ही मान खाली घालून परतलो. सगळ्या खासगी शाळा अशा नसतात. तिथेही पालक-शिक्षक संघ असतो आणि फीबाबत त्याला कायद्याने म्हणणे मांडता येते. तरी तिथला आपला खरा अधिकार एकच, पैसे घेऊन दुसऱ्या दुकानात जाण्याचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला तोही नाही. सरकारी शाळेत मात्र पॅकिंगवाली बाई सही नाकारू शकली, आणि तिला दाखला घेऊन जा असे कुणी म्हणू शकले नाही.

बोलू शकणारी, अर्ज लिहू शकणारी घरे एकेक करून निघून जातात, तेव्हा सरकारी शाळेत ज्यांचे कुणी ऐकत नाही तेच उरतात. मग शाळा ढासळते. मग आपण म्हणतो, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. सरकारी शाळा जवळ आहे, एवढ्यावरून गरीब मूल त्या २५ टक्क्यांतून बाद होणार होते. न्यायालयाने ती भिंत पाडली. पण आपण मनात उभारलेली भिंत कोण पाडणार?

आपल्या संस्था आणि मशवरा

इथे थोडे घरातले बोलू. आपल्यापैकी अनेकांची मुले समाजाच्या संस्थांनी चालवलेल्या उर्दू शाळांत जातात. या संस्था आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. संविधानाच्या कलम ३० ने त्यांना संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोठ्या पीठाने पुन्हा तपासावा असे म्हटले आहे. न्यायालयात काय व्हायचे ते होईल.

पण कायद्याने भाग पडत नाही म्हणून आपल्या शाळांत पालकांना, विशेषतः आयांना, जागा द्यायचीच नाही का? मशवरा ही काही परकी गोष्ट नाही आपल्याकडे. संस्थेच्या बैठकीला किती अम्मी बोलावल्या जातात? जमाखर्च किती पालकांना वाचून दाखवला जातो? जो सवाल त्या बाईने आमच्या रजिस्टरला केला, तो आपल्या संस्थांच्या रजिस्टरलाही करता आला पाहिजे.

आणखी एक. मुसलमान म्हटले की मुले मदरशात, असा एक समज बाहेर आहे. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले की शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे चार टक्केच मदरशात शिकतात. उरलेली, जी शिकतात ती, याच शाळांत बसतात. तेव्हा सरकारी शाळेचा प्रश्न हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

एका बाकावर चार बोली

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूचे शहर. महापालिकेच्या शाळाही या चारही माध्यमांच्या चालत आल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, यांची नावेच एकापाठोपाठ वाचा. हे शहर कसे आहे ते कळते. त्यांचे पुतळे चौकात आहेत. पण अशी चार घरांतली चार मुले आज एका बाकावर कुठे बसतात? फीच्या हिशोबाने आणि मोहल्ल्याच्या हिशोबाने आपण त्यांना कधीच वेगळे केले आहे. एमआयडीसीजवळच्या त्या शाळेत ती बसत होती. डबा उघडला की भाकरी, भात, रोटी एकमेकांत जायची, आणि एकमेकांच्या बोलीतले भांडणाचे शब्द तर सगळ्यांना पाठ होते.

भाषेची अडचण खरी असते, पण ती सोडवता येते. शेजारच्याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी स्वतः कन्नड शिकून पुस्तके त्यांच्या भाषेत आणली, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

आपल्या हातात काय आहे?

सगळ्यांनी उद्याच आपली मुले सरकारी शाळेत घालावीत, असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही आमच्या मुलीला काढून आणले नाही. दहावी त्याच शाळेतून झाली तिची. पण मूल नसले तरी शाळा आपली असू शकते, आणि एवढे तरी करता येते.

आपले मूल सरकारी शाळेत असेल तर पालकसभेला जा आणि समितीवर नाव द्या. घरात बायकोला, सुनेला पुढे करा. निम्म्या जागा त्यांच्याच आहेत. सभा कामाच्या वेळेत असेल तर वेळ बदलून मागा. शाळेचा विकास आराखडा आणि निधीचा हिशोब पाहायला मागा. मूल तिथे नसेल तर ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या नगरसेवकापुढे शाळेचा प्रश्न काढा.

कामासाठी परगावाहून आलेले कुटुंब ओळखीचे असेल तर त्यांना एवढे सांगा. वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि मधेच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात बसवावे लागते. हे कलम १४, ५ आणि ४ मध्ये लिहिलेले आहे. अनेक मुले केवळ हे माहीत नसल्याने खोलीवर धाकटी भावंडे सांभाळत बसतात.

आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी? रजिस्टर घरी पाठवणे बंद करावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कुणी विचारेल. आठवी झाली. घरात नको-हो झाले. वडिलांचे म्हणणे होते की आता पुरे, पुढची शाळा लांब आहे. शेवटी अम्मीने हट्टाने तिला नववीला घातले. पुढचे आम्हाला ठाऊक नाही. आमची बदली झाली. निघण्याच्या दिवशी शेवटच्या सभेचे इतिवृत्त आम्ही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. एका ठिकाणी तिने थांबवले. "सर्वानुमते नको लिहू मॅडम," ती म्हणाली, "उस बात कू दो जनों का ना था." आम्ही ते खोडून लिहिले : बहुमताने.